पैशाची भाषा

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. औरंगपुऱ्यातल्या त्या जुन्या इमारतीचा जिना खालपासून वरपर्यंत चपलांनी भरला होता, आणि चपला ओलांडत वर येणारी माणसं एकमेकांना दटावत होती, "हळू, हळू, सुरू झालंय." हॉलमधला सोफा गॅलरीत उभा करून ठेवला होता. खाली सतरंज्या. सगळ्यांची तोंडं ज्या दिशेला होती तिथं देव्हारा नव्हता, एक जुना फुगीर काचेचा टीव्ही होता. टीव्हीला झेंडूचा हार. समोर पाटावर एक लाल-पांढरा व्हिडिओ गेम आणि त्यावर हळदकुंकू वाहिलेलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. यंत्रांची पूजा मला नवी नाही. खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेतल्या तराजूलाही फूल मिळतं. पण हे दसऱ्याचे दिवस नव्हते आणि तो खेळ माझ्या भाच्याचा होता. भाचा, चिन्मय, कॉलेजातून येताना पैठण रस्त्यावर ट्रकखाली गेला, त्याला वर्ष उलटलं होतं.

टीव्हीवर ठोकळ्याठोकळ्यांचं एक गाव दिसत होतं. गावातून तीन बुटकी माणसं एकामागं एक चालली होती. चौथ्या माणसाच्या जागी एक शवपेटी होती आणि ती आपली आपण त्यांच्या मागून सरकत येत होती.

"बघा," पाटाशेजारी बसलेले महाराज म्हणाले, "पोरगं कसं घरच्यांच्या मागं मागं यायलंय. सुटंना त्याचा जीव."

बाया हुंदके देऊ लागल्या.

महाराजांचं नाव साहेबराव. अंगावर भगवी शाल, मनगटावर जाडजूड घड्याळ आणि बोलण्यात अर्धी भाषा वायरमनची. "आत्मा म्हंजी काय? करंट. करंट मरतो का? नाय. वायर बदलतो. ह्या लेकराचा करंट ह्या कॅसेटीत उतरलाय. मला दिसायलाय. तुम्हाला दिसंना, कारण तुमचं व्होल्टेज कमी हाय."

खेळाला दोन रिमोट होते. ती बटणांची पट्टी, पोरं तिला रिमोटच म्हणतात. एक महाराजांच्या मांडीवर होता. त्यानं ते पडद्यावरची माणसं चालवत. दुसरा लाल कापडात गुंडाळून त्यांनी डाव्या हातानं शालीखाली छातीशी धरला होता. तो म्हणे चिन्मयचा हात. त्याला कुणी शिवायचं नव्हतं.

पडद्यावरची माणसं एका देवळाच्या पायरीशी जाऊन थांबली. महाराजांनी मान हलवताच हॉलमध्ये नामघोष सुरू झाला. शेजारच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली एवढा आवाज. पेटी ढिम्म हलली नाही.

"जगाच्या हाकंला तो येणार नाय," महाराज म्हणाले. "उमाताई, तुम्ही."

माझी बहीण गुडघ्यांवर पुढं सरकली. पदर सावरला, आणि रोज सकाळी त्याच्या खोलीच्या दारात उभी राहून मारायची तशीच हाक तिनं मारली. "चिन्मय, ऊठ. ऊठ रे माझ्या राजा."

पेटी उघडली. आतून निळ्या झग्यातला एक बुटका पोरगा उभा राहिला, गोल फिरला आणि रांगेत सगळ्यांच्या पुढं जाऊन थांबला. खाली काळ्या चौकटीत कसलीशी वेडीवाकडी अक्षरं एकेक करून उमटली.

माझ्याही अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

"ही अक्षरं मराठी नायत, मोडी नायत," महाराज डोळे मिटून म्हणाले. "ही पैशाची. सातवाहनांच्या काळी आपल्या पैठणात बोलायचे ती. पिशाच्चांची भाषा. आता पिशाच्च म्हंजी वंगाळ नाय बरं का, पिशाच्च म्हंजी पुढं गेलेला माणूस. मेल्यावर समद्यांना हीच भाषा येती. शिकवावी लागत नाय."

आरतीचं ताट नोटांनी भरून वाहत होतं. भाषा पैशाचीच होती, एवढं मला तेव्हाच पटलं.

मग महाराजांनी निरोप वाचला. पडद्यावर ओळ होती एकच. त्यांनी तिच्यातून पानभर मजकूर काढला. आई, मी इथंच आहे. वेळेवर जेवत जा. बाबांवर चिडू नको. प्रत्येक वाक्याला उमा मान हलवत होती आणि तिच्या चेहऱ्यावर रडण्यातूनच हसू फुटत होतं. वर्षभरात ते हसू मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, उठावं आणि निघून जावं. एवढं जर तिला मिळत असेल तर मिळू दे.

पण निरोप संपला नव्हता.

"आई," महाराज वाचत होते, "ओवीला येती ती फिट नाय. तो मी येतो, आई. तिच्या अंगात यायला बघतो. गोळ्यांनी माझं दार बंद होतंय. गोळ्या बंद कर."

ओवी म्हणजे चिन्मयची धाकटी बहीण. सातवीत आहे. तिला लहानपणापासून अपस्मार आहे. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांवर पोरगी वर्षानुवर्षं ठणठणीत होती, सायकल चालवत होती. ती भिंतीला टेकून बसली होती आणि पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा धागा उसवत होती. वर मान करून तिनं एकदा आईकडं पाहिलं.

मी उभी राहिले. "महाराज, मी हाक मारून बघू?"

"मारा की!"

त्यांनी खेळ बंद करून पुन्हा सुरू केला. रांगेच्या शेवटी पुन्हा पेटी आली. "आला की गेला," ते लोकांना म्हणाले. "जास्त येळ थांबायची परवानगी नाय त्याला." मी हाक मारली. काही नाही. मग डोकं फिरलं आणि मी मोठ्यांदा एकोणीसचा पाढा म्हणायला घेतला. पेटी तशीच. लोक हसायला लागले. महाराजांनी उमाकडं पाहून मान हलवली, तिनं हाक मारली आणि पेटी उघडली. तोंडात मारल्यासारखी मी खाली बसले.

जिन्यात फरहान भेटला. चिन्मयचा लहानपणापासूनचा दोस्त, शेजारच्या गल्लीतला, आता एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. मी त्याला अडवलं. "फरहान, त्या रिमोटात आवाज ओळखायची काही सोय असते का रे?"

"नहीं मौसी," तो म्हणाला. "बचपन में मेरे घर में भी था ना. शहागंज से लाए थे अब्बा. रिमोट में बटनां रहते, बस. आवाज-बिवाज कुछ नहीं समझता वो." मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाला, "मेरे को भी समज में नहीं आ रा, मौसी."

तो खोटं बोलत नव्हता. आम्ही दोघं फसलो ते नेमके तिथंच.

चिन्मयचा खेळ शहागंजच्या बाजारातली नक्कल नव्हता. माझे दाजी सदाशिवराव वाळूजच्या एका कारखान्यात होते. तिथल्या यंत्रांचं काम शिकायला कारखान्यानं त्यांना सहा महिने जपानला पाठवलं, तेव्हा तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी तो आणला होता. चिन्मय तेव्हा बालवाडीत. पुढं ओवी मोठी झाल्यावर दोघं बहीणभाऊ तोच एक खेळ खेळत बसायचे. खेळात चार गडी घ्यायचे, राक्षसांशी लढत गावोगाव फिरायचं. यांनी चौघांना घरातलीच नावं दिली होती: चिन्मय, ओवी, आई, बाबा. लढाईत गडी मेला की त्याच्या जागी पेटी येते आणि ती उरलेल्यांच्या मागून चालते.

अपघातानंतर उमानं अन्न सोडल्यातच जमा होतं. दोन घास, तेही दाजींनी हात धरला तर. एक दिवस चिन्मयची खोली आवरताना तिनं तो खेळ सुरू केला. शेवटचं त्याचं बोट लागलेली वस्तू म्हणून. पडद्यावर पेटी दिसली. तिनं ओवीला विचारलं, ही कुणाची? ओवी म्हणाली, "दादाची." उमा जागच्या जागी बसली. खालच्या मजल्यावरच्या मालनबाई धावत वर आल्या आणि चौथ्या दिवशी त्यांनीच या साहेबराव महाराजांना घरी आणलं. महाराजांनी यंत्र पाहिलं, उलटंसुलटं केलं, प्यायला पाणी मागितलं. उमा पाणी आणायला आत गेली. ती येईपर्यंत महाराजांनी कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली होती. "प्राण फुंकला," ते म्हणाले. गल्लीतलं शेंबडं पोरगंसुद्धा कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारतं, पण ते असो. त्या दिवशी उमाच्या हाकेला चिन्मय उठला. आणि त्या दिवशी उमानं सबंध भाकरी खाल्ली.

लोक पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. "ताई, बाकी काय करायचं ते कर. ओवीच्या गोळ्या बंद करू नकोस. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांनी चिन्मयलाही वाचवतो म्हणून सांगितलं होतं."

"ते वेगळं होतं गं."

"तुला काय कळायलंय मनू? तो माझ्या हाकेला उठतो. तुझ्या उठला का?" ती भांडी घासत होती, माझ्याकडं बघतही नव्हती. "माय मरो आणि मावशी जगो, म्हणतात. मी अजून जिवंत आहे."

दाजी दारात उभे होते. हातात पाण्याचा तांब्या. मी त्यांच्याकडं पाहिलं, म्हटलं, निदान तुम्ही तरी बोला. ते तांब्या ठेवून निघून गेले. मला त्यांचा फार राग आला.

पुढच्या गुरुवारी व्हायचं तेच झालं. नामघोष चालू असतानाच ओवीची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले आणि ती सतरंजीवर आडवी झाली. हातपाय आखडून झटके देऊ लागले.

"आला!" महाराज ओरडले. "चिन्मय आला!"

मी आयुष्यात खूप काही पाहिलं आहे, पण त्या हॉलमध्ये पाहिलं ते पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. पोरगी तडफडत होती आणि लोक तिला नमस्कार करत होते. कुणी तिच्या कपाळाला कुंकू फासलं. वेरूळहून आलेले मोतीराम नावाचे एक म्हातारे तिच्या पायांवर डोकं टेकवून आपल्या मेलेल्या नातवाची खुशाली विचारत होते. मालनबाई चमचा घेऊन तिचे दात उचकटायला बघत होत्या. ओवीचे ओठ निळे पडत चालले होते. मी दोघांना कोपरानं ढकललं, मालनबाईंच्या हातातला चमचा हिसकावला, ओवीला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली माझी पर्स सरकवली. तोंडातून फेस आला, त्यात रक्त होतं. जीभ चावली गेली होती. हळूहळू झटके थांबले. उमा दोन हात जोडून बसली होती आणि म्हणत होती, "आलास का रे? आलास का?"

"अजून पुरता उतरला नाय," महाराज कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "रविवारी पैठणला गोदावरीत पोरीला बुडी द्यायची. पाण्याखाली असतानाच त्याला आत घ्यायचं. मग तो जायचाच नाय."

रविवारी, नदीत, अपस्मार असलेल्या आणि गोळ्या तोडलेल्या पोरीला पाण्याखाली धरायचं. आणि हॉलमधली सगळी माणसं "व्हय, व्हय" म्हणत होती.

ओवीला मी आतल्या खोलीत नेलं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळी आत्ताच सुरू करा, पुन्हा फिट आली आणि लवकर थांबली नाही तर सरळ इकडं घेऊन या. संध्याकाळी ती जागी झाली. मी गोळी आणि पाणी पुढं केलं. तिनं तोंड फिरवलं.

"आईनं शपथ घातली आहे. गोळी घेतली तर दादा कायमचा जाईल."

"तुला हे खरं वाटतं?"

तिनं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "नाही."

"मग?"

"मावशी, त्या दुसऱ्या रिमोटात माइक आहे. बारीक जाळी आहे बघ, पुढं. पेटी देवळापाशी नेली आणि त्यात जोरात काहीही बोललं की ती उघडते. दादा मला म्हणायला लावायचा, 'दादा ऊठ.' आम्ही कधी कधी नुसतं खोकायचोसुद्धा."

"मग माझा पाढा का नाही चालला?"

"त्याला बाजूनं आवाज कमी-जास्त करायची खुंटी आहे. खाली ओढली की माइक बंद. महाराज अंगठ्यानं सरकवतात. मला दिसतं ना, शाल हलते ती."

मी डोक्याला हात लावला. "ओवी, अगं, हे तू पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडं असं बघायला लागली, जणू मीच काहीतरी वेडपट विचारलं. "आई जेवायला लागली होती ना."

पोरीनं जीभ चावून घेतली, पण तोंड उघडलं नाही.

"आणि दादाची पेटी का होती गं तिथं?" तिनं अखेर गोळी घेतल्यावर मी विचारलं.

"तो नेहमी मरायचाच. रांगेत पुढं जो असतो त्याला जास्त लागतं. मी लवकर मरायचे म्हणून तो स्वतःला पुढं ठेवायचा. मग मी त्याला उठवायचं. त्या दिवशी जेवायला हाक आली, आणि नंतर राहूनच गेलं."

शनिवारी संध्याकाळी पैठणला जायची तयारी म्हणून सगळे पुन्हा जमले. मी फरहानला बोलावून घेतलं आणि ओवीला मुद्दाम लांब, स्वयंपाकघराच्या दारात बसवलं. महाराजांनी नेहमीसारखा खेळ लावला. पेटी देवळाच्या पायरीशी आली. आता उमाची हाक, एवढ्यात मी पुढं झाले आणि महाराजांच्या शालीखालून लाल कापड ओढून घेतलं.

"हात लावू नका! भस्म व्हाल!"

"झाले तर घंटागाडीत टाका," मी म्हणाले आणि कापड सोडलं. साधा रिमोट. पुढं बारीक जाळी, बाजूला एक खुंटी. मी खुंटी वर सरकवली, मोबाइल काढला आणि रोज सकाळी आमच्या गल्लीत येणाऱ्या घंटागाडीचं ध्वनिमुद्रण जाळीपाशी धरून लावलं. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, नागरिकांनी सहकार्य करावे.

पेटी उघडली. निळ्या झग्यातला पोरगा उभा राहिला आणि गोल फिरला.

हॉलमध्ये आधी कुणाला काही कळलंच नाही. मग मागं कुणीतरी फिसकन हसलं. फरहान उठून आला, रिमोट हातात घेऊन त्यानं उलटापालटा केला. "या अल्ला," तो म्हणाला. "माइक है इसमें. हमारे वाले में थाच नहीं." मागाहून त्यानं मोबाइलवर शोधून सांगितलं, ही जाळी फक्त जपानात विकलेल्या यंत्रांना होती. परदेशी पाठवताना काढून टाकली, आणि तो खेळ अमेरिकेत गेला तेव्हा त्यातली पेटीसुद्धा काढली, कारण तिथल्या पोरांना शवपेटी दाखवणं कंपनीला बरं वाटेना. तिथल्या खेळात मेलेल्याच्या जागी पांढरं भूत चालतं आणि ते उठवायला दोन बटणं एकदम दाबायची चोरवाट आहे. शहागंजातल्या नकलेत यातलं काहीच नव्हतं. म्हणजे लहानपणी हा खेळ खेळलेला अख्खा औरंगपुरा शपथेवर सांगू शकत होता की रिमोटला आवाज कळत नाही, आणि महाराज त्यावरच जगत होते.

"आईची पुण्याई हॉलभर पसरली हाय," महाराज चाचरत म्हणाले. "तिच्यामुळं आता समद्यांच्याच हाकंला..."

मी खेळ बंद करून पुन्हा सुरू केला. फरहाननं माणसं देवळापाशी नेली. पेटी मागोमाग आली. मी खुंटी खाली ओढली, रिमोट उमाच्या तोंडापाशी धरला आणि आजवर मी कुणाला केली नसेल अशी क्रूर गोष्ट तिला करायला सांगितली.

"ताई, हाक मार."

"चिन्मय, ऊठ."

पेटी बंद होती.

"चिन्मय, ऊठ रे. ऊठ रे माझ्या राजा." मग मोठ्यांदा. मग रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरून, ओरडून. हसणारे गप्प झाले. माझा अंगठा खुंटीवर होता आणि मला वाटत होतं, सरकवावी ती खुंटी वर, उठू दे त्याला एकदा. मी सरकवली नाही. ती हाक मारत राहिली आणि तो उठला नाही.

शेवटी मालनबाईंना ठसका लागला. मी खुंटी वर केली. त्यांच्या खोकल्यानं पेटी उघडली आणि काळ्या चौकटीत ती वेडीवाकडी अक्षरं उमटली.

"निरोप..." महाराजांनी तोंड उघडलं.

"वाचू नका," मागून आवाज आला. दाजी होते. गर्दीतून वाट काढत ते टीव्हीपाशी आले, चष्मा लावला. "ही पैशाची नाही. जपानी आहे. तिथं असताना फाटकांवरच्या पाट्या कळाव्यात म्हणून संध्याकाळी शिकवायचे आम्हाला. खेळात नाव घालता यावं म्हणून चिन्मयला मीच शिकवली होती ही अक्षरं." त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "ची, न, मा, या. चारच अक्षरं मावतात. आणि पुढं फक्त एवढंच लिहिलंय: चिन्मय पुन्हा जिवंत झाला. मी उठलो तर माझ्या नावापुढंही हेच येतं."

ते उमासमोर खाली बसले. "गोळ्यांचं इथं काही लिहिलेलं नाही, उमा. आणि लिहिलंय तेही खरं नाही."

महाराज कधी उठून गेले ते कुणी पाहिलं नाही. शाल मात्र तिथंच राहिली. नंतर फरहाननं चौकशी करून सांगितलं, जालन्यात त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं; ते बुडाल्यावर त्यांना अध्यात्माची ओढ लागली. बाया चपला शोधत निघून गेल्या. मोतीराम म्हातारे तेवढे बसून होते. जाता जाता ते मला म्हणाले, "बाई, तुमचं खरं आसंल. पर आता आमचं काय?" मी त्यांना बसस्थानकापर्यंत सोडायला गेले, एवढंच.

परतले तेव्हा दाजी जिन्यात बसले होते. "अक्षरं मला पहिल्याच दिवशी वाचता आली होती, मनू," ते म्हणाले. "पण ती जेवायला लागली होती." बाप आणि लेक, दोघांनीही तोंड उघडलं नव्हतं, एकमेकांना न सांगता, एकाच कारणासाठी. माझा त्यांच्यावरचा राग तिथंच जिन्यात मावळला. त्याच्या जागी आलं ते रागापेक्षा जड होतं.

उमा माझ्याशी बोलली, पण एकच वाक्य. "पोराला मी दुसऱ्यांदा गेलेला पाहिला, तुझ्यामुळं." मी हो म्हणाले. खरंच होतं ते.

माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगते, तेव्हा ते घंटागाडीला हसतात. हसू देत. पण हसून झाल्यावर मी त्यांना सांगते, त्या हॉलमधली माणसं मूर्ख नव्हती. त्यांचं माणूस गेलं होतं, आणि तेवढ्या भांडवलावर कुणालाही फसवता येतं. म्हणून मेलेल्याचा निरोप घेऊन कुणी दारात आला, तर रडा, पण त्याच्या हातात काय आहे तेही बघा. शाल बाजूला करायला लावा. अक्षरं कळत नसतील तर ज्याला कळतात त्याला विचारा, आणि ज्याला कळतात त्यानं मायेपोटीसुद्धा गप्प बसू नये. फिट म्हणजे कुणी अंगात येणं नव्हे. तो मेंदूचा आजार आहे आणि त्याला औषध आहे. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी बंद करू नका. आमच्या ओवीची गोळी सुरू झाली आणि झटके थांबले. यात चमत्कार काहीच नाही.

उमा मात्र पुन्हा पहिल्यासारखी झाली. अर्धी भाकरी, गप्प. मी त्या आठवड्यात तिच्याकडंच मुक्काम केला. ती बोलत नव्हती, पण मला जा असंही म्हणाली नाही. चिन्मय गेल्यापासून ती सकाळी कुणाला हाक मारत नसे. गुरुवारची हाक सोडली तर 'ऊठ' हा शब्दच तिनं घरातून काढून टाकला होता. ओवी मोबाइलच्या गजरावर उठायची. हार उतरवलेला टीव्ही कोपऱ्यात होता. खेळ दाजींनी पुसून त्याच्या खोक्यात ठेवला होता. चिन्मयची पेटी अजून आत आहे, कॅसेटमधली बारीकशी बॅटरी टिकेल तोवर.

निघायच्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत बॅग भरत होते. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला, मग पावलं ओवीच्या दाराशी येऊन थांबली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, ती परत फिरली.

मग उमाचा आवाज आला, घोगरा, कधीपासून न वापरलेला.

"ओवी, ऊठ. गोळी घ्यायची आहे."